मामलेदाराचा भाकरतुकडा

भास्करराव जोगळेकरांचं कुत्र्यांवर प्रेम नव्हतं. हे ते स्वतःच सांगत, आणि कोणी विचारलेलं नसलं तरी सांगत. कुत्रा म्हणजे बागेचा गडी. त्याने वानरं हाकायची, दोन वेळा खायचं आणि उंबऱ्याच्या बाहेर राहायचं. उभा जन्म तहसील कचेरीत घालवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला, कोण कुठल्या पदावर आहे आणि कुणी कुठे बसायचं, हे ठाऊक असावंच लागतं.

घर गणपतीपुळ्याच्या रस्त्याला, थोडं आत. मागे हापूसची बाग, बागेभोवती चिऱ्यांचा गडगा, पुढे सारवलेलं अंगण, म्हणजे खळं. कुत्री दोन. त्यातली चिमा म्हातारी आणि ठार बहिरी. ती दिवसभर खळ्यात उन्हाबरोबर सरकत सरकत झोपायची आणि ऊन गडग्यावर चढलं की उठून पडवीत यायची. तिच्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती आणि तिचीही कुणाकडून नव्हती.

दुसरा मामलेदार. तांबडा, उभ्या कानांचा, छाती काढून चालणारा. हे नाव भास्कररावांनी निवृत्तीनंतर आठवड्याभरात ठेवलं. नोकरीत असताना एकाही मामलेदाराला जे म्हणता आलं नाही, ते आता रोज म्हणता येई. 'मामलेदार, गप्प बस.' 'मामलेदार, आधी तिथून ऊठ.' 'मामलेदार, लाज वाटत नाही?' त्याने यांचा रक्तदाब उतरला, असं उल्काताईंचं म्हणणं. उल्काताई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांना कुत्री आवडत नसत, पण गोळ्या कमी झाल्या म्हणून त्या काही बोलत नसत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना उर्वीला दिवस गेले.

उर्वी एकुलती एक. दिलेली डोंबिवलीला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्यात वाद नव्हता. वाद निघाला तो डोहाळजेवणात. विहीणबाई कुमुदिनीताई बालवाडीच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज हळू, चेहरा हसरा, आणि त्या बोलायला लागल्या की समोरचा माणूस नकळत हाताची घडी घालून बसे. भास्कररावही बसले.

"व्याही," कुमुदिनीताई म्हणाल्या, "पोर माहेरी जाणार याचा मला आनंदच आहे. पण घरात तान्हं आणि दारात कुत्री, हे मला झोपू देणार नाही. तेवढं बघा."

"बारशाला कुत्री दारात दिसणार नाहीत," भास्करराव म्हणाले. "शब्द."

शब्द तोंडातून गेला तेव्हा तोंडात पेढा होता. पण शब्द तो शब्द.

जागा तर तयार होती. किनाऱ्यावरच्या नाटे गावी भागोजी होता. कचेरीत शिपाई होता, आता घरच्या होडीवर असे. फोन केल्याबरोबर तो म्हणाला, "साहेब, धाडा की दोगांना! हितं मासळीला तोटा नाय. बांगडा खाऊन दगड होईल दगड." भास्कररावांनी फोन ठेवला आणि ते आरामखुर्चीत जाऊन बसले. त्यांच्या घरात बांगडा कधी शिजलेला नव्हता. मामलेदाराला आजवर ताकभात, भाकरी आणि सणासुदीला पुरणाची पोळी. बांगड्याची चव लागल्यावर तो परत यायचं मनात तरी आणेल का? सोडलेली कुत्री कुठून कुठून चालत परत येतात, असं लोक सांगतात. हा आलाच नाही तर? तिथे मजेत राहिला तर? हा अपमान भास्कररावांना आताच लागला.

मग त्यांनी कचेरीत शिकलेली विद्या बाहेर काढली. काम करायचं नसेल तर नाही म्हणायचं नसतं, त्रुटी काढायच्या असतात. उल्काताई विचारत, "अहो, त्या कुत्र्यांचं काय?" की हे म्हणत, "पौष तोंडावर आलाय. आता कोणी कुणाची पाठवणी करतं का?" मग टेम्पो मिळेना. मग नाट्याच्या रस्त्याचं काम निघालं, निदान भास्कररावांच्या म्हणण्यानुसार निघालं. मग मोहोर आला, वानरं वाढली. चिमाला तर प्रवासच सोसणार नव्हता. प्रकरण विचाराधीन राहिलं, आणि पौष लागताच उर्वी बाळंत झाली.

मुलगी झाली. बारशापर्यंत नाव नाही, म्हणून सगळे तिला बायच म्हणत. यज्ञेश, म्हणजे जावई, दवाखान्यात येऊन लेकीला बघून गेला आणि त्याची रजा संपली. म्हणून बारसं सव्वा महिन्यावर गेलं. भास्कररावांनी याचा अर्थ आपल्या शब्दालाही सव्वा महिन्याची मुदतवाढ मिळाली असा लावला.

बाय घरी आली त्या दिवशी उर्वीने तिचं दुपटं पडवीत नेऊन मामलेदाराच्या नाकाशी धरलं. कुत्र्याला बाळाचा वास आधी द्यावा, असं तिने फोनवर पाहिलं होतं. दुपट्याला वेखंड, धुरी आणि बाळंतशेपांचा वास होता. मामलेदाराने तो घेतला आणि ओळीने शिंकत खळ्याच्या टोकाला जाऊन बसला. पुढचे काही दिवस त्याने बाळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चिमाने दुपटं नाकावर असतानाच झोप काढली.

मग बाय रडायला लागली. दिवसभर बरी असायची. तिन्हीसांजा झाल्या, तुळशीपुढे दिवा लागला, की जो सूर लावायची तो गडग्यापलीकडे ऐकू जाई. बाळाला न्हाऊमाखू घालायला तुळसा यायची. गावातल्या निम्म्या पोरांच्या टाळूला तिने तेल घातलेलं. तिने निदान केलं.

"वयनी, ही दिष्ट हाय. तिनीसांजेला रडतंय म्हंजे दिष्टच. भाकरतुकडा ववाळा आनि टाका कुत्र्याला. गुण नाय आला तर माजं नाव तुळसा नाय."

"आई, त्या वयात पोटात गॅस धरतो," उर्वी म्हणाली. ती औषधनिर्माणशास्त्र शिकलेली. "दृष्टबिष्ट काही नसतं."

"गॅस असेल तर दृष्ट काढून काही बिघडत नाही," उल्काताई म्हणाल्या. "आणि दृष्ट असेल तर तुझ्या औषधाने जायची नाही. मी काढत्ये."

तांदळाच्या भाकरीचा चतकोर, त्यावर मीठमोहरी. उल्काताईंनी तो बायवरून ओवाळला, 'आल्यागेल्याची, वाटेवरच्याची, घरच्यांची नि दारच्यांची' असं पुटपुटल्या आणि दारातून खळ्यात भिरकावला. मामलेदाराने तो वरच्यावर झेलला. बाय थांबली. दमून थांबली असेल, ढेकर आली म्हणून थांबली असेल, पण थांबली. उल्काताईंनी उर्वीकडे पाहिलं. उर्वीने छताकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून हा नेम झाला. तुपाचा हात लावलेली ताजी भाकरी आणि चिमूटभर मीठमोहरी, हे मामलेदाराला जन्मात कुणी दिलं नव्हतं. तो काही वेडा नव्हता. बाय रडते, भाकरी येते, हा संबंध त्याला चारच दिवसांत कळला. पाचव्या दिवसापासून बायने ओठ काढला रे काढला की हा बागेच्या टोकाला असला तरी धावत येई, उंबऱ्याबाहेर पाय जुळवून बसे आणि आत अशा काळजीने बघे की परक्याचं काळीज हलावं.

असं करता करता बारशाचा दिवस आला. उंबऱ्याबाहेर कोण बसतं ते कुमुदिनीताईंना दिसू नये म्हणून भास्कररावांनी सकाळीच मामलेदाराला आंब्याच्या पेट्यांच्या खोलीत दोरीने बांधलं. चिमाला बांधायची गरज नव्हती. तिच्यावर पोतं टाकलं की ती पोत्यासारखीच दिसे.

कुमुदिनीताई आल्या, यज्ञेश आला, गावातल्या बायका आल्या. "कुत्री गेली ना?" असं कुमुदिनीताईंनी विचारलं. भास्करराव म्हणाले, "आता दिसतायत का?" हे कचेरीतलं उत्तर होतं, त्यात खोटं काही नव्हतं. पाळणा सजला. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. मनस्वी हे नाव आत्याने कानात सांगितलं, बायकांनी पाठीत धपाटे घातले, आणि एवढ्या गलक्यात मनस्वी जी दचकली ती किंचाळून रडली.

पेट्यांच्या खोलीतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. भास्कररावांनी डोळे मिटले. त्यांनी ते उघडले तेव्हा मामलेदार गळ्यात तुटकी दोरी घेऊन बायकांच्या घोळक्यातून वाट काढत उंबऱ्याशी पोचला होता. कुणी किंचाळलं, कुणी पाटावर चढलं. मामलेदाराने कुणाकडे पाहिलं नाही. तो पाय जुळवून बसला आणि पाळण्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते भाकरीसाठी तोंडाला सुटायच्या ऐवजी डोळ्यांत कसं आलं, ते देव जाणे.

उल्काताईंचा हात सवयीने चालला. चुलीपाशी चतकोर काढून ठेवलेलाच होता. त्यांनी तो पाळण्यावरून ओवाळला आणि टाकला. मामलेदाराने झेलला. मनस्वी गप्प झाली. मामलेदार उठला आणि आला तसा शांतपणे निघून गेला.

मग मागून तुळसा म्हणाली, "दिष्ट न्यायला आला व्हता. ह्ये रोजचंच हाय त्याचं."

कुमुदिनीताईंचा चेहरा बदलला. त्या दर गुरुवारी उपास करणाऱ्या, वर्षातून एकदा नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या. त्यांनी दोन्ही हात जोडले. "दत्तगुरूंच्या पायाशी चार असतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "व्याही, अहो, आणि तुम्ही याला घालवून देणार होतात?"

जन्मभराच्या नोकरीत एकही निकाल त्यांच्या बाजूने लागला नव्हता. पहिलाच लागला, तो चुकीच्या कारणासाठी लागला. पण लागलेल्या निकालावर स्वतःच अपील करायचं, एवढे ते सरळ नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी भागोजीला फोन करून सांगितलं की तूर्त रद्द.

आता भास्कररावांची एकच इच्छा उरली होती. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. जोगळेकरांच्या खळ्यात ती आजवर न चुकता आलेली, पण पालखीपुढे ठेवायला घरात तान्हं मूल उर्वीनंतर नव्हतंच. या शिमग्याला मनस्वीला पालखीपुढे घालायचं आणि मग पाडवा करून लेकीची पाठवणी. हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं आणि कुणालाही सांगितलं नव्हतं, म्हणजे फक्त उल्काताईंना, उर्वीला, तुळसाला आणि फोनवरून भागोजीला.

पण बारसं झालं आणि मनस्वीचं रडणं वाढलं. आता ती फक्त तिन्हीसांजेला रडेना. सकाळी रडू लागली, दुपारी रडू लागली. गाढ झोपलेली असायची आणि एकदम दचकून उठायची. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासून थेंब दिले, मूल ठणठणीत आहे म्हणाले. उल्काताई दिवसातून पाच-पाच वेळा भाकरतुकडा ओवाळू लागल्या. उर्वीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. चहाचा कप हातात असताना ती बसल्या जागी झोपू लागली. घरात एकटा मामलेदार तेवढा अंगाने भरला.

आणि बागेत वानरं आली. एके दुपारी भास्करराव गडग्यापाशी गेले तर समोरच्या कलमावर एक हुप्प्या बसून सुपारीएवढ्या कैऱ्या तोडतोडून टाकत होता, आणि तेही निवांत, सासुरवाडीला आल्यासारखा. "मामलेदार!" भास्कररावांनी हाक मारली. मामलेदार नाही. ते तणतणत घरामागे आले आणि तिथेच थबकले.

मामलेदार माजघराच्या खिडकीखाली उभा होता. त्याने पुढचे पाय खिडकीच्या चौकटीवर टेकले. आत डोकावला. आत मनस्वी पाळण्यात झोपलेली, शेजारी उर्वी झोपलेली. त्याने थोडं थांबून दोघींची झोप लागल्याची खात्री करून घेतली. मग तो भुंकला. भुंकला तरी कसलं, साहेब खोलीत शिरण्याआधी खाकरतात तसा एकदाच खाकरला.

मनस्वीने टाहो फोडला. मामलेदार खाली उतरला, भास्कररावांच्या पायांजवळून वळसा घालून पुढच्या दारी पळाला, आणि भास्करराव तिथे पोचले तेव्हा उंबऱ्याबाहेर पाय जुळवून, काळजीने विद्ध होऊन बसला होता.

"आला बघा बिचारा," उल्काताई भाकरी घेऊन येत म्हणाल्या. "रडली की याच्या जिवाला चैन पडत नाही."

भास्कररावांना बसावंसं वाटलं. ते बसले.

त्याच संध्याकाळी कुमुदिनीताईंचा फोन आला. पोर इतकी रडते म्हणजे हवा मानवत नसेल, इथे मुलांचे मोठे डॉक्टर आहेत, रविवारी मी यज्ञेशला घेऊन येते आणि दोघींना घेऊन जाते. आवाज हळू होता. शिमगा अजून पंधरवड्यावर होता.

भास्करराव दोन दिवस नीट जेवले नाहीत. बोललं तर मनस्वी राहील आणि मामलेदार जाईल. शब्द दिलेला होताच, वर पोराच्या झोपेवर उठलेला कुत्रा कोण ठेवील? गप्प बसलं तर मनस्वी रविवारी जाईल आणि मामलेदार सुखात राहील, दत्ताचा म्हणून. ते कितीही वेळा मांडून पाहत, बाकी शून्यच येई. बागेचा गडी, असं ते मनाशी म्हणून बघत. गडी काय, एक गेला तर दुसरा मिळतो. पण मनस्वी गेलेली त्यांना सोसणार नव्हती आणि मामलेदार गेलेलाही सोसणार नव्हता. हे असं आहे, हे कळायला त्यांना साठी उलटावी लागली.

रविवारी कुमुदिनीताई यज्ञेशला घेऊन आल्या. बॅग ठेवायच्या आधी त्यांनी मामलेदाराच्या कपाळाला वाडीहून आणलेला अंगारा लावला. तो मान खाली घालून उभा राहिला आणि नाकावर पडलेला अंगारा त्याने चाटून घेतला. कुमुदिनीताईंना गहिवरून आलं.

पडवीत गवती चहाचा चहा झाला. आत उल्काताई बाळाची दुपटी बांधत होत्या. उर्वी चहा घेता घेता भिंतीला डोकं टेकून झोपली. कप तिरपा झाला, चहा साडीवर सांडला, तरी तिला जाग आली नाही. भास्कररावांनी तो कप तिच्या हातातून हळूच काढून घेतला आणि ते कुमुदिनीताईंसमोर येऊन उभे राहिले. हाताची घडी आपोआप झाली.

"ताई, तो दत्ताचा नाही," ते म्हणाले. "तो भाकरीचा आहे."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. भाकरतुकडा, खिडकी, खाकरणं, वळसा. काही लपवलं नाही. उल्काताई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. मामलेदार स्वतःचं नाव ऐकून शेपटी हलवत होता.

"मी शब्द मोडला," भास्करराव शेवटी म्हणाले. "टेम्पो उद्या सांगतो. पण मनस्वीला शिमग्यापर्यंत राहू द्या. आणि..." इथे त्यांनी मामलेदाराकडे पाहिलं. "आणि तो वाईट नाही हो. त्याला जे शिकवलं ते तो शिकला. आम्हीच शिकवलं."

कुमुदिनीताईंनी कप खाली ठेवला.

"व्याही," त्या म्हणाल्या, "दत्ताचे कुत्रे काय वाऱ्यावर जगतात? त्यांनाही भाकरी लागतेच की."

कुमुदिनीताईंनी पदर खोचला.

"आणि तुमचं सगळंच उलटं. रडल्यावर खाऊ देता? मग रडवणारच तो. आम्ही बालवाडीत तीस-तीस पोरं सांभाळली. गप्प बसेल त्याला खाऊ. भोकाड पसरेल त्याला काही नाही. उल्काताई, उद्यापासून मनस्वी झोपली की याला तुकडा. रडली की याच्याकडे कुणी बघायचंसुद्धा नाही."

"आणि दृष्ट?" उल्काताईंनी विचारलं.

"झोपलेल्या बाळाची काढावी. रडून गेल्यावर काढण्यात काय अर्थ?" कुमुदिनीताई म्हणाल्या. शास्त्रात असं कुठे आहे, हे विचारायची तिथे कुणाची छाती झाली नाही. यज्ञेश एकटाच परत गेला आणि त्या आठवडाभर राहिल्या. चिमासुद्धा त्यांना बघून नीट बसायला लागली.

शिकवणी भास्कररावांकडे आली. ते मनस्वीला मांडीवर घेऊन उंबऱ्याच्या आत बसत आणि मामलेदार उंबऱ्याच्या बाहेर. सदऱ्याच्या खिशात भाकरी. ती शांत पडली की एक तुकडा. हुंकारली तर थांबायचं. पहिले दोन दिवस मामलेदाराने खिडकीपाशी जाऊन भरपूर खाकरून पाहिलं. मनस्वी रडली, पण भाकरी आली नाही. तिसऱ्या दिवशी तो गोंधळला. चौथ्या दिवशी त्याच्या डोक्यात उजेड पडला. आठवडा संपता संपता अशी वेळ आली, की मनस्वी झोपलेली असताना उल्काताईंनी मिक्सर लावला तरी तो घशात गुरगुरे. तुळसाने पातेलं आपटलं म्हणून त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की ती म्हणाली, "माज्या सासूनं पन मला कधी आसं बगितलं न्हवतं."

त्या दिवसांत भास्कररावांचा डावा हात मनस्वीच्या पाठीवर असे आणि उजवा कधी, कसा, मामलेदाराच्या डोक्यावर जाऊन पडला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शिमगा झाला. ढोल-ताशे वाजवत पालखी खळ्यात आली. मनस्वीला पालखीपुढे ठेवली. कपाळावर गुलालाचं बोट लागलं तरी ती जागी झाली नाही. मामलेदार ढोलवाल्यांसमोर उभा राहून त्यांना नापसंतीने न्याहाळत होता. भास्कररावांनी नमस्कार केला आणि काही मागितलं नाही. मागायचं ते मिळालेलं होतं.

मग पाडवा झाला आणि यज्ञेश गाडी घेऊन आला. उल्काताईंनी उर्वीची ओटी भरली, मनस्वीला काजळाची तीट लावली, डब्यांत डबे घातले. भास्कररावांनी गाडीच्या काचा नीट लागतात का हे तीन वेळा पाहिलं. गाडी गणपतीपुळ्याच्या रस्त्याला लागली. मामलेदार तिच्यामागे पळाला नाही. मनस्वी झोपलेली होती, आणि तिच्या झोपेत आवाज करायचा नाही हे त्याला ठाऊक होतं.

तिन्हीसांजा झाल्या. तुळशीपुढे दिवा लागला. भास्करराव उंबऱ्याच्या आत बसले आणि मामलेदार बाहेर येऊन पाय जुळवून बसला. घर शांत होतं. शांततेबद्दल भाकरी ठरलेली होती. त्यांनी एक तुकडा दिला. तरी शांतच होतं, म्हणून दुसरा दिला. मग तिसरा. खिशातली भाकरी संपली तरी शांतता काही संपेना.

मामलेदाराने कान टवकारून आतला अंदाज घेतला. मग तो उठला आणि घरामागे गेला. भास्कररावांना माजघराच्या खिडकीवर पंजे टेकल्याचा आवाज आला. थोडा वेळ गेला. मग तो खाकरला. बऱ्याच दिवसांनी, एकदाच.

तो वळसा घालून पळत आला आणि पुन्हा उंबऱ्याशी बसला. दोघंही आतल्या पाळण्याकडे बघत थांबले. पाळणा रिकामा होता, त्याच्यावर घडी घातलेलं दुपटं होतं. आतून कुणी रडलं नाही.

मग भास्करराव रडले. आधी नाक ओढल्यासारखं झालं, मग खांदे हलले, आणि मग ते चांगले हुंदके देऊन रडले. कचेरीतून निवृत्त होताना रडले नव्हते, उर्वीच्या लग्नात विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आले होते. आज ते विहिरीवर गेले नाहीत.

उल्काताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांचेही डोळे लाल होते. त्यांच्या हातात भाकरीचा चतकोर होता, वर मीठमोहरी. त्यांनी तो भास्कररावांवरून ओवाळला, 'आल्यागेल्याची, वाटेवरच्याची, घरच्यांची नि दारच्यांची' म्हणाल्या आणि उंबऱ्याबाहेर टाकला.

मामलेदाराने तो वरच्यावर झेलला. भास्करराव गप्प होईपर्यंत तो तिथेच बसला, आणि मग उठून बागेत वानरं हाकायला गेला.